अहवाल ‘नॉर्मल’, तरी थायरॉइडच्या तक्रारी

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके आरोग्याच्या दृष्टीने एकसारखे नाहीत. पूर्वेला नारायणगाव, मंचरचा बागायती पट्टा आहे. तेथे खासगी दवाखाने आणि प्रयोगशाळा हाताशी आहेत. पश्चिमेला नाणेघाटापासून आहुपे-भीमाशंकरपर्यंत पसरलेला महादेव कोळी व ठाकर वस्त्यांचा डोंगरी भाग आहे. तेथून रक्त तपासायला घोडेगाव, जुन्नर किंवा मंचर गाठायचे म्हणजे दिवस मोडतो. एक तक्रार मात्र दोन्हीकडे सारखीच ऐकू येते. सतत थकवा, अंग जड वाटणे, केस गळणे, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, पाळीची अनियमितता, वाढते वजन अशी सारी लक्षणे थायरॉइडची. पण हातातला अहवाल सांगतो, ‘नॉर्मल’.

अशा वेळी रुग्णाची समजूत ‘मनाचे आहे’ या दोन शब्दांत घातली जाते किंवा ‘घेऊन तर पाहा’ म्हणून गोळी सुरू होते. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

मानेच्या पुढच्या भागात असलेली थायरॉइड, म्हणजेच अवटु ग्रंथी, टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. तिच्यावर हुकमत चालते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका अर्थात पिट्युटरी ग्रंथीची. रक्तातील थायरॉइड संप्रेरक कमी झाले, की पीयूषिका टीएसएच हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. म्हणून टीएसएच वाढलेले दिसले, की थायरॉइड मंदावली असे समजतात. बहुतेक प्रयोगशाळांत प्रौढांसाठी साधारण ०.४ ते ४.५ ही मर्यादा छापलेली असते. भारतातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइडची मंदता आढळली होती. त्या आठांत मुंबई आणि गोवा होते. ग्रामीण, डोंगरी भागाचे चित्र त्या आकड्यावरून ठरवता येत नाही.

ही छापील मर्यादा अनेक निरोगी माणसांच्या तपासण्यांवरून ठरते. एकाच माणसाची स्वतःची मर्यादा तिच्याहून बरीच अरुंद असते. डेन्मार्कमध्ये १६ निरोगी पुरुषांची वर्षभर दरमहा तपासणी केली असता (२००२) प्रत्येकाचे चढउतार छापील पट्ट्याच्या साधारण निम्म्या रुंदीत राहिल्याचे दिसले. ज्याचे टीएसएच एरवी १ असते, त्याचे ४ झाले तर अहवाल ‘नॉर्मल’च म्हणेल. मात्र आधीचा अहवाल जपून ठेवला असेल, तरच हा फरक कळतो. जुने कागद फाइलला लावण्याची सवय येथे खरोखर उपयोगी पडते.

वेळेचाही प्रश्न आहे. टीएसएच रात्री व पहाटे सर्वाधिक आणि दुपारी सर्वांत कमी असते. डोंगरातल्या वाडीवरून पहिली एसटी धरून निघालेल्या बाईचे रक्त दुपारी घेतले गेले, तर सीमारेषेवरचे टीएसएच सीमेच्या आत उतरू शकते. शंका असेल तेथे नमुना सकाळीच घ्यावा आणि पुढची तपासणीही त्याच वेळी करावी. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिन हे जीवनसत्त्वही काही पद्धतींच्या चाचण्यांत खोटे आकडे दाखवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. केस गळतात म्हणून बायोटिन घ्यायचे आणि केस का गळतात हे पाहायला थायरॉइड तपासायची, असा हा गमतीदार फेरा आहे.

या साऱ्याहून गंभीर शक्यता वेगळीच आहे आणि ती डोंगरी भागात विशेष लक्षात ठेवायला हवी. टीएसएच ही थायरॉइडची नव्हे, पीयूषिकेची हाक आहे. हाक देणारी ग्रंथीच निकामी झाली, तर थायरॉइड मंद असूनही टीएसएच ‘नॉर्मल’ दिसते. स्त्रियांत याचे एक कारण बाळंतपणातील अतिरक्तस्राव हे आहे. गरोदरपणात पीयूषिका आकाराने वाढलेली असते. प्रचंड रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही भाग मृत होतो. इंग्रज विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले. म्हणून हा ‘शीहान विकार’. रुग्णालयीन बाळंतपणे वाढलेल्या देशांत तो दुर्मिळ झाला. काश्मीर खोऱ्यात मात्र २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने बाळंत झालेल्या प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्के स्त्रियांत तो असल्याचा अंदाज दिला. घरी बाळंतपण आणि दूरचे रुग्णालय हे समीकरण सह्याद्रीच्या घाटमाथ्यालाही अनोळखी नाही.

या विकाराची खूण रक्ताच्या अहवालात नाही, आठवणीत असते. बाळंतपणात खूप रक्त गेले होते का? नंतर अंगावर दूध आले का? पाळी पुन्हा सुरू झाली का? काखेतील केस गेले का? निदान अनेकदा वर्षानुवर्षे लांबते, कारण हे प्रश्न कोणी विचारत नाही. अशा रुग्णात टीएसएचसोबत मुक्त टी-४ तपासले, तर ते कमी निघते. येथे एक धोका आहे. पीयूषिका निकामी असल्यास अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉलही कमी असते. ते आधी न देता थायरॉइडची गोळी सुरू केली, तर रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. ‘घेऊन तर पाहा’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो तो असा.

तथापि लक्षणे असून अहवाल खरोखरच नॉर्मल असलेल्या बहुसंख्य रुग्णांत दोष थायरॉइडचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. थकवा, केस गळणे, थंडी वाजणे ही लोहाच्या कमतरतेचीही लक्षणे आहेत; शिवाय थायरॉइड संप्रेरक घडवणाऱ्या विकरालाच लोह लागते. दुसरे कारण पुणे जिल्ह्याला अगदी जवळचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शाकाहारात हे जीवनसत्त्व दुधाखेरीज फारसे मिळत नाही. माळकरी घरांनी माळ उतरवण्याचे कारण नाही; गोळी किंवा इंजेक्शनने कमतरता भरून निघते. झोपेत घोरणे व श्वास अडणे, मधुमेह, नैराश्य आणि पाळी जाण्याचा काळ हेही थायरॉइडचा वेश घेऊन येतात.

गोळीचा प्रयोग करून पाहिला गेला आहे. स्कॉटलंडमध्ये लक्षणे असलेल्या पण चाचण्या नॉर्मल असलेल्या २५ रुग्णांना १२ आठवडे थायरॉक्सिन आणि १२ आठवडे तशीच दिसणारी निरौषध गोळी देण्यात आली. २००१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, थायरॉक्सिनने निरौषध गोळीपेक्षा अधिक बरे वाटले नाही. गरज नसताना घेतलेल्या थायरॉक्सिनचा डोस जास्त झाला, तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. पाळी गेलेल्या स्त्रियांना तो धोका अधिक.

टीएसएच वरच्या टोकाला असेल, गळ्याला सूज असेल किंवा घरात कोणाला थायरॉइड असेल, तर अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या विकारात शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करते. प्रतिपिंडे सापडली आणि टीएसएच नॉर्मल असले, तर लगेच औषध लागत नाही. वर्षातून एकदा तपासणी पुरते. गरोदर राहू इच्छिणाऱ्या स्त्रीने मात्र ही माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी.

बाजरीच्या भाकरीबद्दलही विचारणा होते. सुदानच्या दारफूर भागात बाजरी आणि गलगंड यांचा संबंध अभ्यासला गेला, हे खरे. परंतु तेथे बाजरी हेच मुख्य अन्न होते आणि आयोडीनची कमतरता होती. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरात भाकरी सोडण्याची गरज नाही. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असणे बंधनकारक आहे. ते टिकावे म्हणून मीठ झाकणबंद बरणीत, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे. सुट्या जाड्या मिठात आयोडीन असेलच असे नाही.

डॉक्टरांकडे जाताना मागचे सर्व अहवाल, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि बाळंतपणांचा तपशील सोबत न्यावा. पहिल्या फेरीत टीएसएच, मुक्त टी-४, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि रक्तशर्करा एवढ्या तपासण्या बहुधा पुरतात. टी-४ कमी आणि टीएसएच नॉर्मल किंवा कमी असेल, तर पुढची पायरी पुण्यातील अंतःस्रावी विकारतज्ज्ञ ही आहे.