२७ वर्षे आणि १६ दिवस : स्पेनच्या महिला फुटबॉल संघाचे प्रशिक्षक कसे गेले

१/ २० ऑगस्ट २०२३. सिडनीच्या स्टेडियम ऑस्ट्रेलियात ७५,७८४ प्रेक्षकांच्या साक्षीने स्पेनने इंग्लंडचा १-० असा पराभव केला आणि महिला फुटबॉलचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्यानंतर १६ दिवसांनी, ५ सप्टेंबरला, स्पॅनिश फुटबॉल महासंघाने या विजेत्या संघाचे प्रशिक्षक होर्हे विल्दा यांना पदावरून दूर केले. जगज्जेत्या प्रशिक्षकावर ही वेळ का आली, याचे उत्तर त्या १६ दिवसांत सापडत नाही. त्यासाठी अर्धशतक मागे जावे लागते. #थ्रेड

२/ २१ फेब्रुवारी १९७१. स्पेनवर जनरल फ्रँकोची हुकूमशाही होती. मुर्सिया शहरातील ला कोंदोमिना मैदानावर स्पेन आणि पोर्तुगालच्या महिला संघांत सामना झाला आणि तो ३-३ असा बरोबरीत सुटला. महासंघाची या संघाला मान्यता नव्हती. खेळाडूंच्या अंगावर देशाचे अधिकृत चिन्ह नव्हते. पंचालाही आपला अधिकृत गणवेश घालून मैदानात उतरता आले नाही. सामना झाला, पण अधिकृत नोंदवहीत त्याला जागा मिळाली नाही.

३/ १९७५ मध्ये फ्रँकोचा मृत्यू झाला. महासंघाने महिला फुटबॉलला मान्यता दिली ती १९८० मध्ये. पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ५ फेब्रुवारी १९८३ रोजी गालिसिया प्रांतातील आ ग्वार्दा या गावी झाला. प्रतिस्पर्धी पुन्हा पोर्तुगालच. स्पेन ०-१ असा हरला. अधिकृत इतिहास इथून मोजला जातो. १९७१ च्या मुली त्या मोजणीच्या बाहेरच राहिल्या.

४/ १९८८ मध्ये दोन नेमणुका झाल्या. आंखेल मारिया विल्यार महासंघाचे अध्यक्ष झाले आणि इग्नासिओ केरेदा महिला संघाचे प्रशिक्षक. केरेदा त्या पदावर २७ वर्षे राहिले. या कालावधीत स्पेनच्या पुरुष संघाला, लुईस सुआरेस यांच्यापासून व्हिसेंते देल बोस्के यांच्यापर्यंत, सात प्रशिक्षक लाभले. पुरुष संघ हरला की देशभर चर्चा होई आणि प्रशिक्षक बदले. महिला संघ हरला तर त्याची दखल घेणारेच फारसे कोणी नव्हते.

५/ केरेदांच्या कारकिर्दीत यश अगदीच नव्हते असे नाही. १९९७ च्या युरोपीय स्पर्धेत स्पेनने उपांत्य फेरी गाठली. मात्र त्यानंतर या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात पुन्हा प्रवेश मिळाला तो थेट २०१३ मध्ये. मधल्या १६ वर्षांत खेळाडूंची एक संपूर्ण पिढी आली आणि निवृत्त झाली. प्रशिक्षक तेच राहिले. दीर्घ कारकीर्द हा नेहमीच कर्तृत्वाचा पुरावा नसतो. कधी कधी तो केवळ दुर्लक्षाचा पुरावा असतो.

६/ २०१५ मध्ये कॅनडात स्पेनचा महिला संघ प्रथमच विश्वचषक खेळला. कोस्टा रिकाविरुद्ध विकी लोसादा हिने संघाचा विश्वचषकातील पहिला गोल केला. तो सामना १-१ असा सुटला. पुढे ब्राझीलकडून ०-१ आणि दक्षिण कोरियाकडून १-२ असा पराभव झाला. एका गुणासह संघ गटात तळाला राहिला आणि मायदेशी परतला.

७/ पण खरी घटना मैदानाबाहेर घडली. संघातील सर्व २३ खेळाडूंनी एका निवेदनाद्वारे प्रशिक्षक बदलण्याची मागणी जाहीरपणे केली. तयारी अपुरी होती, सराव सामने मिळाले नाहीत, हवामानाशी जुळवून घ्यायला वेळ दिला गेला नाही, प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास तोकडा होता, अशी त्यांची तक्रार होती. त्यात कर्णधार वेरोनिका बोकेते होती, तसेच तरुण आलेक्सिया पुतेयास, जेनी एर्मोसो आणि इरेने पारेदेस होत्या. सोनिया बेर्मुदेस नावाची आघाडीची खेळाडूही त्यात होती. हे शेवटचे नाव लक्षात ठेवावे.

८/ जुलै २०१५ च्या अखेरीस केरेदा पायउतार झाले. त्यांच्या जागी ३४ वर्षांचे होर्हे विल्दा आले. ते महासंघाच्याच मुशीत घडलेले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १७ वर्षांखालील मुलींनी २०१० आणि २०११ मध्ये युरोपीय विजेतेपद मिळवले होते. त्यांचे वडीलही महासंघाच्या महिला संघांचे प्रशिक्षक राहिलेले. माणूस बदलला, नेमणूक करणारे हात मात्र बदलले नाहीत.

९/ या बंडाची किंमतही मोजावी लागली. स्पेनची त्या काळातील सर्वांत नावाजलेली खेळाडू बोकेते हिला २०१७ च्या युरोपीय स्पर्धेसाठी संघात घेतले गेले नाही. केरेदांच्या काळातील अपमानास्पद वागणूक आणि शरीरावरून केलेली शेरेबाजी यांविषयी अनेक माजी खेळाडू सविस्तर बोलल्या, त्या २०२१ च्या एका माहितीपटात. म्हणजे २०१५ च्या निवेदनात लिहिले गेले त्याहून बरेच काही अनुच्चारित राहिले होते.

१०/ दरम्यान स्पेनचे महिला फुटबॉल झपाट्याने बदलत होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये लीगच्या खेळाडूंनी संप केला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. किमान वेतन आणि प्रसूतीविषयक संरक्षण प्रथमच कागदावर आले. २०२१ मध्ये बार्सिलोनाच्या महिला संघाने चेल्सीला ४-० असे हरवून युरोपातील चॅम्पियन्स लीग जिंकली. २०२२-२३ पासून लीगला व्यावसायिक दर्जा मिळाला. क्लबमध्ये दर्जेदार प्रशिक्षण अनुभवलेल्या खेळाडू आता राष्ट्रीय संघाची तुलना त्याच्याशी करू लागल्या.

११/ विल्दांच्या संघाचे निकाल पूर्वीपेक्षा बरे होते, पण मोठा सामना हाती लागत नव्हता. २०१७ च्या युरोपीय स्पर्धेत ऑस्ट्रियाकडून पेनल्टींवर, २०१९ च्या विश्वचषकात अमेरिकेकडून आणि जुलै २०२२ मध्ये इंग्लंडकडून अतिरिक्त वेळेत पराभव झाला. शिवाय विल्दा एकाच वेळी राष्ट्रीय प्रशिक्षक आणि महासंघाच्या महिला विभागाचे क्रीडा संचालक होते. प्रशिक्षकाविषयी तक्रार करायची तर ती अखेर त्यांच्याच विभागात पोहोचणार, अशी ही रचना होती.

१२/ २२ सप्टेंबर २०२२ रोजी १५ खेळाडूंनी महासंघाला एकाच मजकुराचे ई-मेल पाठवले. राष्ट्रीय संघातील परिस्थितीचा आपल्या मनःस्थितीवर आणि आरोग्यावर परिणाम होत आहे. ती बदलेपर्यंत आपली निवड करू नये, असा त्याचा आशय होता. महासंघाने ते प्रकरण स्वतःच जाहीर केले. प्रशिक्षकाच्या पदावर खेळाडूंनी प्रश्न उपस्थित करणे चालणार नाही आणि परत यायचे तर चूक कबूल करून माफी मागावी, असे सुनावले. प्रशिक्षकाला काढण्याची मागणी आपण केलेलीच नाही, असा खुलासा खेळाडूंनी केला. स्पॅनिश वृत्तपत्रांत त्यांना एक नाव मिळाले : ‘त्या पंधरा’.

१३/ या वादाला एक महाराष्ट्रीय संदर्भही आहे. ई-मेल गेल्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला १-० असे हरवून १७ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याआधी ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील विश्वचषकही स्पेनकडेच गेला होता. गुणवत्तेचा साठा इतका मोठा होता की, १५ जणींशिवायही आपले काही अडणार नाही, असे महासंघाला वाटणे स्वाभाविक होते.

१४/ पुढील काही महिन्यांत प्रवास व सोयीसुविधांत काही सुधारणा झाल्या आणि काही खेळाडूंनी परतण्याची तयारी दाखवली. २०२३ च्या विश्वचषकासाठी ‘त्या पंधरा’पैकी तिघींचीच निवड झाली : आयताना बोनमाती, मारिओना काल्देंतेय आणि ओना बात्ये. मापी लेओन, पात्री गिहारो यांसारख्या खेळाडूंनी हा विश्वचषक गमावला. गटात जपानकडून ०-४ असा पराभव पत्करूनही संघ सावरला. अंतिम सामन्यात २९व्या मिनिटाला ओल्गा कार्मोना हिचा गोल निर्णायक ठरला. वरकरणी महासंघाचीच बाजू खरी ठरली होती.

१५/ मग पदकप्रदानाच्या वेळी महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी जेनी एर्मोसोचे तिच्या संमतीविना ओठांवर चुंबन घेतले. २५ ऑगस्टच्या विशेष सभेत रुबियालेस यांनी राजीनामा देणार नसल्याचे ठणकावले. त्याच व्यासपीठावरून त्यांनी विल्दांना वर्षाला ५ लाख युरो मानधनाचा, चार वर्षांचा नवा करार देऊ केला. समोर बसलेल्या विल्दांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कॅमेऱ्यांनी टिपल्या आणि देशाने पाहिल्या.

१६/ त्याच दिवशी ८० हून अधिक खेळाडूंनी जाहीर केले की, हेच नेतृत्व राहिले तर आपण देशाकडून खेळणार नाही. त्यात सर्व २३ विश्वविजेत्या होत्या. दुसऱ्या दिवशी फिफाने रुबियालेस यांना निलंबित केले आणि संघाच्या ११ साहाय्यक प्रशिक्षक व कर्मचाऱ्यांनी राजीनामे दिले. विल्दा राहिले, पण एकाकी. ५ सप्टेंबरला हंगामी अध्यक्ष पेद्रो रोचा यांच्या महासंघाने त्यांना मुक्त केले. १० तारखेला रुबियालेस यांनीही राजीनामा दिला.

१७/ दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. २०१५ मध्ये संघ हरला होता, त्यामुळे खेळाडूंच्या तक्रारीला पराभवाचा आधार मिळाला. २०२३ मध्ये संघ जिंकला होता, तरीही तक्रार उभी राहिली. खेळाडूंचे म्हणणे प्रथमच धावफलकापासून वेगळे ऐकले गेले. मात्र त्यासाठी त्यांना आधी जग जिंकावे लागले आणि नंतर कोट्यवधी प्रेक्षकांसमोर अपमानही सोसावा लागला. २०२२ मध्ये केवळ ई-मेल पाठवणाऱ्या पंधरा जणींना ही दाद मिळाली नव्हती.

१८/ विल्दांच्या जागी मोन्त्से तोमे आल्या : या संघाच्या पहिल्या महिला प्रशिक्षक. पण त्या विल्दांच्याच साहाय्यक होत्या आणि त्यांनी निवडलेल्या पहिल्या संघात न खेळण्याचा निर्धार केलेल्या अनेकींची नावे होती. वालेन्सिया प्रांतातील ओलिवा येथील हॉटेलात खेळाडू, महासंघ आणि सरकारी क्रीडा परिषद यांच्यात सात तासांहून अधिक वेळ बैठक चालली. २० सप्टेंबरच्या पहाटे तोडगा निघाला. लेओन आणि गिहारो घरी परतल्या. २१ जणी थांबल्या. महासंघाने संघाच्या अधिकृत नावातून ‘महिला’ हा शब्द वगळला. यापुढे दोन्ही संघांचे नाव एकच : स्पेनचा राष्ट्रीय फुटबॉल संघ.

१९/ फेब्रुवारी २०२५ मध्ये माद्रिदच्या न्यायालयाने रुबियालेस यांना लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून १०,८०० युरो दंड ठोठावला. प्रकरण मिटवण्यासाठी एर्मोसोवर दबाव आणल्याच्या आरोपातून मात्र विल्दांसह सर्व आरोपींची मुक्तता झाली. विल्दा तोवर मोरोक्कोच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले होते. इतिहास लिहिताना हेही नोंदवले पाहिजे : त्यांचे पद गेले ते न्यायालयाच्या निकालाने नव्हे, तर खेळाडूंचा विश्वास गमावल्यामुळे.

२०/ तोमे यांच्या काळात स्पेनने २०२४ मध्ये नेशन्स लीग जिंकली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात संघ इंग्लंडकडून पेनल्टींवर हरला. पुढच्याच महिन्यात महासंघाने जाहीर केले की, तोमे यांचा करार वाढवला जाणार नाही. या वेळी सामूहिक पत्र निघाले नाही, संप झाला नाही, रात्रभर बैठका चालल्या नाहीत. एक करार संपला आणि प्रशिक्षक गेल्या. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये ज्याला नित्याची बाब म्हणतात, ती या संघाच्या वाट्याला यायला १९८८ पासून ३७ वर्षे लागली.

२१/ नव्या प्रशिक्षक म्हणून नाव जाहीर झाले सोनिया बेर्मुदेस यांचे. २०१५ मध्ये कॅनडाहून परतताना प्रशिक्षक बदलण्याची मागणी करणाऱ्या २३ जणींपैकी त्या एक. दहा वर्षांपूर्वी ज्या पदावरील व्यक्तीविरुद्ध त्यांनी आवाज उठवला होता, त्याच पदावर आता त्या स्वतः आहेत. उद्या त्यांच्याच संघातील खेळाडू तक्रार घेऊन आल्या, तर त्यांचे ऐकून घेतले जाईल का? २०१५ च्या त्या निवेदनाचे खरे फलित या प्रश्नाच्या उत्तरावर ठरेल.

(समाप्त)