फ्रँकलिनच्या वहीत न पडलेला ठिपका

हॅबिट ट्रॅकर ही स्मार्टफोनच्या काळातली गोष्ट आहे असं वाटत असेल, तर बेंजामिन फ्रँकलिनची वही आठवा. अठराव्या शतकात फिलाडेल्फियात छापखाना चालवणाऱ्या या तरुणाने स्वतःला सुधारण्यासाठी १३ गुणांची यादी केली. मिताहार, मौन, नीटनेटकेपणा, काटकसर, उद्योग, न्याय, नम्रता वगैरे. वहीच्या पानावर लाल शाईने आखलेले सात वारांचे सात रकाने आणि गुणांच्या १३ ओळी. चूक झाली की त्या चौकटीत काळा ठिपका. दर आठवड्याला एका गुणाकडे खास लक्ष द्यायचं, म्हणजे वर्षात चार फेऱ्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हणून असेल, पण मला ही रचना फार आवडते. एका वेळी एकच बदल, रोजची नोंद, ठरलेली फेरी. आपल्या अ‍ॅप्सनी त्यात फारशी भर घातलेली नाही. शिवाय माणूस प्रामाणिक होता. नीटनेटकेपणा आपल्याला काही जमला नाही, हे त्याने आत्मचरित्रात कबूल केलंय.

याच फ्रँकलिनच्या घरात मात्र अनेक वर्षं गुलाम होते. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. वहीत ‘न्याय’ ही ओळ नव्हती असं नाही. पण ठिपका कशासाठी द्यायचा हे ठरवणारा तोच आणि देणाराही तोच. आमच्या कामात कोड लिहिणाऱ्यानेच तो तपासला तर हेच होतं. त्याला सुचतात तेवढ्याच चुका सापडतात.

१७६३ साली फ्रँकलिन फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत गेला. ही मुलं गोऱ्या मुलांइतकीच हुशार आहेत हे त्याने समोर पाहिलं, आणि आपलं आधीचं मत बदलल्याचं पत्रात लिहिलं. त्यानंतरही तो लगेच गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला नाही, त्याला बरीच वर्षं लागली. १७८७ साली तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी संपवण्याची मागणी करणारा अर्ज त्याच्या सहीने अमेरिकेच्या काँग्रेसपुढे गेला. काँग्रेसने तो मान्य केला नाही. दोनच महिन्यांनी, वयाच्या ८४व्या वर्षी, फ्रँकलिन वारला.

पहाटे पाचला उठणं, वाचलेल्या पुस्तकांचा आकडा, न तुटलेली स्ट्रीक, यांनी दिवसाला शिस्त येते आणि ती मलाही हवी आहे. पण आयुष्य कशासाठी, हा प्रश्न त्या चौकटींत सुटत नाही. फ्रँकलिनचा सगळ्यात मोठा दोष त्याच्या वहीने पकडला नाही. तो दिसायला सुरुवात झाली ती दुसऱ्यांच्या मुलांच्या वर्गात.