पहिला गेमिंग कॉम्प्युटर : कमी बजेटमध्ये कोणते पार्ट घ्यावेत?

महाड एमआयडीसी आणि पोलादपूर परिसरात मुलं गेमिंग कॉम्प्युटरचा हट्ट धरतात आणि पालकांना खर्चाची धास्ती वाटते. आमचं सांगणं एकच : ग्राफिक्स कार्ड नंतर, चांगला एसएमपीएस आधी.

प्रोसेसर : रायझेन ५ ५६००जी. ६ कोर, ग्राफिक्स आतच. व्हॅलोरंट, जीटीए ५ कमी सेटिंगवर कार्डाशिवाय चालतात.

मदरबोर्ड : एएम४ सॉकेटचा, डीडीआर४ रॅमचा. एएम५ बोर्डवर हा प्रोसेसर बसत नाही.

रॅम : १६ जीबीची एक पट्टी नको, ८ जीबीच्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, म्हणून दोन पट्ट्यांनी गेम जास्त स्मूथ चालतो.

स्टोरेज : ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी.

एसएमपीएस : कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा टाळा. तो जळाला तर बोर्डही घेऊन जाऊ शकतो. नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा ५५० वॅट घ्या; पुढे मध्यम कार्ड लावायलाही तोच चालेल. घरची अर्थिंग तपासा, छोटा यूपीएस लावा.

खरेदी : मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल सीरियल नंबरसह मागा. आखातातून मामू कार्ड आणणार असतील तर त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी विचारा.

आणि जुलै २०२१ चा पूर आठवा : कॅबिनेट जमिनीवर नको, उंचावर ठेवा.