गाडलेल्या माणसाची खूण

हिवाळी वादळात वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलतो आणि पलीकडच्या आडोशाच्या उतारावर नेऊन रचतो. वरून नवा बर्फ पडतच असतो. खालचा जुना थर ठिसूळ असला, तर तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका स्कीअरचं वजनही पुरतं. थर तडकतो आणि अख्खा उतार सुटतो. अशा आडवाटांवर सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते हिमस्खलन त्यांच्या किंवा सोबत्याच्या पावलानंच सुटलेलं असतं. मग प्रश्न एकच उरतो: माणूस नेमका कुठे आहे? आज त्याचं उत्तर स्कीअरच्या छातीवर पट्ट्यानं बांधलेलं असतं. त्या यंत्राला बीकन म्हणतात. त्याचा माग काढत गेलं की आपण एका मठाच्या दाराशी पोचतो.

स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, २,४६९ मीटर उंचीवर, अकराव्या शतकापासून वाटसरूंना आसरा देणारा हा मठ. तिथल्या साधूंनी सतराव्या शतकात कुत्रे पाळायला सुरुवात केली. त्यांतला बॅरी (१८०० ते १८१४) सर्वांत नावाजलेला. चाळीसहून अधिक जीव वाचवल्याचं श्रेय त्याला दिलं जातं. गळ्यातलं ब्रँडीचं छोटं पिंप मात्र चित्रकारांची देणगी. कुत्र्याच्या नाकाला तोड नाही, हे आजही खरं आहे. अडचण अंतराची होती. कुत्रा मठातून निघून, वादळातून वाट काढत यायचा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बव्हेरियाच्या ओयगेन ओर्टेल या गिर्यारोहकानं सुचवलेला उपाय अगदी साधा होता: कमरेला लांब, हलकी लाल दोरी बांधायची आणि ती मागे फरफटत न्यायची. बर्फ कोसळला तर दोरीचा काही भाग वर राहील, सोबती तो धरून खणत येतील. पुढच्या दोऱ्यांवर माणूस कोणत्या दिशेला आहे हे दाखवणाऱ्या बाणांच्या खुणाही असत. दोरी अनेकदा सबंध गाडली जाई आणि तिचा उपयोग शून्य होई. तरीही या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण मी तिलाच मानतो. आपली खूण आपणच अंगावर बाळगायची आणि शोध शेजारच्यानं घ्यायचा, हा विचार तिच्यापासून सुरू झाला.

तो विचार रेडिओपर्यंत नेला जॉन लॉटन यांनी, १९६८ मध्ये, अमेरिकेत बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत. यंत्राचं नाव स्काडी, हिवाळ्याशी आणि स्कीइंगशी जोडलेल्या नॉर्स देवतेवरून ठेवलेलं. सगळ्यांची यंत्रं सतत संकेत पाठवतात. कुणी गाडला गेला की उरलेल्यांनी आपापलं यंत्र ऐकण्यावर फिरवायचं आणि वाढत्या आवाजामागे जायचं. ऑस्ट्रियात पीप्स आलं, स्वित्झर्लंडमध्ये ऑटोफोन कंपनीचं बॅरीवॉक्स. हे नाव त्या जुन्या कुत्र्याचंच.

पण स्काडी आणि पीप्स २.२७५ किलोहर्ट्झवर बोलत, तर बॅरीवॉक्स ४५७ वर. एकाच दोरीनं चढणाऱ्या दोघांची यंत्रं एकमेकांना बहिरी असू शकत. तांत्रिक मतभेदाची किंमत अशी जिवानं मोजावी लागणं मला अक्षम्य वाटतं. अधल्यामधल्या काळात दोन्ही लहरींची यंत्रं निघाली. अखेर १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय पर्वतीय बचाव आयोगानं ४५७ किलोहर्ट्झला कौल दिला. ४५७चा संकेत अधिक दूरवर पकडता येतो.

घाई किती करायची, याचा हिशेब १९९४ मध्ये 'नेचर'मधल्या एका शोधनिबंधानं मांडला. स्विस नोंदींनुसार पूर्ण गाडलेल्यांपैकी पंधरा मिनिटांपर्यंत जगण्याची शक्यता ९२ टक्के होती. पस्तीस मिनिटांपर्यंत ती ३० टक्क्यांवर आली. माणूस मरतो तो बहुधा गुदमरून. वादळात हेलिकॉप्टर उडत नाही. म्हणजे जवळचा सोबती हाच बचावपथक. १९९७ च्या ट्रॅकर या डिजिटल बीकननं दिशा आणि अंतराचा आकडा डोळ्यांसमोर आणला, तो याच घाईपोटी.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या साताऱ्याचाही एक होता. लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, ते सैनिकांच्या अचाट जिद्दीमुळे; तीन दिवसांनी तेही गेले. असा अपवाद गृहीत धरून कुणी डोंगरात जाऊ नये.

गुलमर्ग-मनालीच्या वरच्या उतारांवर स्कीइंगला जाणारी मराठी मुलं आता बरीच आहेत. त्यांना माझं सांगणं असं: बीकन, बर्फात खुपसायची लांब सळई आणि फावडं, या तिन्ही वस्तू प्रत्येकाच्या अंगावर हव्यात. बीकन फक्त जागा दाखवतो; कोसळून घट्ट बसलेला बर्फ हातांनी उकरत नाही. मोबाइल त्याच्यापासून लांब ठेवा, त्यानं संकेत बिघडतो. निघण्याआधी एक यंत्र बर्फात पुरून शोधण्याचा सराव करा. आणि वादळानंतरचे पहिले एक-दोन दिवस उभ्या उतारावर जाऊच नका.