आधी भाकरी की आधी सन्मान? रमाबाई नगरचं उत्तर

"पुतळ्यासाठी कशाला रस्त्यावर उतरता? शिक्षणाचं बघा, नोकरीचं बघा." हा सल्ला आपल्याला नेहमी ऐकावा लागतो. देणारे सुशिक्षित असतात, कधी कधी आपलेच असतात. त्यामागचं गृहीतक असं, की आधी विकास होऊ द्या, सन्मान मागून येईल. पोट भरलं की जात आपोआप जाईल. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरचा इतिहास हे गृहीतक खोटं ठरवतो.

११ जुलै १९९७ च्या सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. संतापलेले लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने उपनिरीक्षक मनोहर कदम याच्या आदेशावरून गोळीबार केला. १० माणसं मारली गेली, अनेक जखमी झाली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असं पोलिसांनी सांगितलं. गुंडेवार आयोगाला ते पटलं नाही. आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि कदमला जबाबदार धरलं. न्यायालयाकडून जन्मठेप व्हायला मात्र २००९ साल उजाडलं, आणि पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीनही दिला.

तेव्हा सत्तेवर कोण होतं? शिवसेना-भाजप युती. मुंबईतल्या ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं देऊ, हे युतीचं १९९५ चं गाजलेलं आश्वासन. म्हणजे विकासाची भाषा होती, योजना होती. तरीही वस्तीतली माणसं आपल्या अपमानाचा जाब विचारायला आली, तेव्हा त्यांच्याशी बोलायच्या आधी गोळ्या चालल्या. घर देणाऱ्याच्या लेखी आपण मतदार होतो, लाभार्थी होतो. बरोबरीचे नागरिक नव्हतो.

बाबासाहेबांना हे फार आधी कळलं होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला आपले लोक प्रत्यक्ष पाणी प्यायले, तेव्हा त्यांना मारहाण झाली आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. त्या पाण्यावाचून कुणी मरणार नव्हतं, आपणही माणूस आहोत हे सांगायला तिथे जायचं होतं, ही बाबासाहेबांची भूमिका होती. त्यांनी पाणी आणि प्रतिष्ठा वेगळी केली नाही.

डाव्या मित्रांनीही इथे विचार करावा. मुलुंडच्या झोपडीत राहणारे शाहीर विलास घोगरे डाव्या सांस्कृतिक चळवळीतले. गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला त्यांनी आयुष्य संपवलं. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती. असा शाहीर गमावणं हे आपलं मोठं नुकसान आहे. पण कष्टकऱ्यांची गाणी गाणाऱ्या माणसाला त्या क्षणी निळा रंग का जवळचा वाटला, याचं उत्तर फक्त वर्गाच्या भाषेत सापडत नाही. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट याच प्रश्नापासून सुरू होतो.

आपल्याकडे विषमता दोन पायांवर चालते. एक पाय मजुरी, घर, शाळेचा. दुसरा पाय कुणाला नमस्कार आणि कुणाला चप्पल, हे ठरवणाऱ्या संस्कृतीचा. एकच पाय धरून ती थांबणार नाही.

आज रमाबाई नगरात पुनर्विकास सुरू आहे. चांगलं घर हा आपला हक्क आहे, तो घेतलाच पाहिजे. पण चौरस फूट मोजताना हेही विचारा, की विहार कुठे असेल, ११ जुलैची आठवण कुठे असेल, आणि नव्या इमारतींवर माता रमाईचं नाव राहील ना? हे प्रश्न भावनिक म्हणून कुणी बाजूला सारले, तर त्याला महाडचं तळं दाखवा.

जय भीम!