मांजराच्या पिल्लाचा आहार

मांजराच्या पिल्लाचा आहार म्हणजे पाळीव मांजराच्या (शास्त्रीय नाव: फेलिस कॅटस) पिल्लास जन्मापासून सुमारे एक वर्षाचे होईपर्यंत दिले जाणारे अन्न आणि त्याचे नियोजन होय. जन्माच्या वेळी सुमारे १०० ग्रॅम वजनाचे पिल्लू वर्षभरात साधारणतः ३ ते ४ किलोग्रॅमचे होते. या वेगवान वाढीमुळे आकाराच्या मानाने त्याची भूक फार मोठी असते. ही भूक बहुतेक वेळा वाढीचे लक्षण असते. मात्र पिल्लू भरपूर खाऊनही त्याचे वजन वाढत नसेल, तर त्यामागे जंत, पचनाचे विकार किंवा निकृष्ट आहार असण्याची शक्यता असते. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यासारख्या भातपिकाच्या प्रदेशांत पिल्लाला दूध-भात घालण्याची रीत आहे. या आहाराने पोट भरते, परंतु वाढीसाठी लागणारी प्रथिने व इतर घटक पुरेसे मिळत नाहीत.

## शब्द व लोकसमजुती

मराठीत नर मांजरास 'बोका' व मादीस 'मांजरी' किंवा 'भाटी' म्हणतात. मांजर डोळे मिटून दूध पिते, या म्हणीमुळे दूध हेच मांजराचे मुख्य अन्न असल्याचा समज दृढ झाला आहे. मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असेही मानले जाते. धोका जाणवल्यास किंवा जागा अस्वच्छ झाल्यास मांजरी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, हे या समजुतीमागील निरीक्षण होय. पिल्ले दिसेनाशी झाली म्हणजे आईने ती टाकली, असा निष्कर्ष लगेच काढणे योग्य नसते.

## वाढ आणि भूक

नवजात पिल्लाचे डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. निरोगी पिल्लाचे वजन दररोज साधारणतः १० ते १५ ग्रॅमने वाढते आणि दोन आठवड्यांत जन्मवेळच्या दुप्पट होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात दिसू लागतात. कायमचे दात साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान येतात. पहिल्या चार-पाच महिन्यांत वजन दरमहा सुमारे अर्धा किलोग्रॅमने वाढते.

दहा आठवड्यांच्या पिल्लास दररोज शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे २०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. पूर्ण वाढलेल्या मांजरास त्याच हिशेबाने ५० ते ७० किलोकॅलरी पुरतात. म्हणजेच एक किलोग्रॅमचे पिल्लू जवळजवळ चार किलोग्रॅमच्या मांजराइतके खाते. त्याचे जठर मात्र लहान असल्यामुळे हे अन्न त्याला एका वेळी घेता येत नाही. पिल्लू दर तीन-चार तासांनी अन्नासाठी ओरडते, स्वयंपाकघरात घुटमळते, ताटात तोंड घालते, याचे कारण हेच आहे. अनेक भावंडांत वाढलेली किंवा उपासमार सोसलेली पिल्ले पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही काही आठवडे अधाशीपणे खातात.

## पोषणाच्या गरजा

मांजर हा पूर्णतः मांसाहारावर अवलंबून असलेला प्राणी आहे. कुत्रा किंवा माणूस वनस्पतिजन्य पदार्थांपासून जे अनेक घटक शरीरात तयार करू शकतो, ते मांजराला तयार करता येत नाहीत.

* प्रथिने: अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मानकानुसार पिल्लाच्या खाद्यातील पाण्याखेरीज उरणाऱ्या शुष्क भागात किमान ३० टक्के प्रथिने असावी लागतात, प्रौढ मांजरासाठी हे प्रमाण २६ टक्के आहे.
* टॉरीन: हे अमिनो आम्ल मांस, मासे व अवयवमांसात आढळते, धान्य व डाळींत ते जवळजवळ नसते. टॉरीनच्या कमतरतेने मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगण्याचा विकारही याच कमतरतेमुळे होतो, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. त्यानंतर तयार मांजरखाद्यातील टॉरीनचे प्रमाण वाढवण्यात आले.
* अ जीवनसत्त्व: गाजरासारख्या भाज्यांतील कॅरोटीनपासून मांजर हे जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते प्राणिजन्य अन्नातून तयार स्वरूपात मिळावे लागते.
* कॅल्शियम व फॉस्फरस: हाडांच्या वाढीसाठी कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसइतके किंवा त्याहून थोडे अधिक असावे लागते.

मांजराला गोड चव कळत नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचे एक जनुक मांजरकुळात निकामी झालेले असल्याचे २००५ मध्ये दाखवण्यात आले. पिल्लू बासुंदी किंवा बिस्कीट खाते, ते त्यातील स्निग्ध पदार्थाच्या वासाने.

## दूध आणि दूध-भात

मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट प्रथिने असतात. त्यामुळे गाईचे वा म्हशीचे दूध आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय दूध तुटल्यानंतर पिल्लाच्या आतड्यातील दुग्धशर्करा पचवणारे विकर कमी होत जाते आणि अनेक पिल्लांना दुधाने जुलाब होतात. लहान पिल्लाच्या शरीरातील पाणी जुलाबाने झपाट्याने घटते व ते दगावू शकते.

१०० ग्रॅम शिजलेला भात व १०० मिलीलिटर गाईचे दूध यांतून सुमारे २०० किलोकॅलरी मिळतात. एक किलोग्रॅमच्या पिल्लाची दिवसाची ऊर्जेची गरज एवढ्याने भागते, पण प्रथिने केवळ ६ ग्रॅमच्या आसपास मिळतात. शुष्क भागाच्या हिशेबाने हे प्रमाण सुमारे १४ टक्के, म्हणजे किमान गरजेच्या निम्म्याहूनही कमी भरते. टॉरीन तर नगण्यच असते. त्यामुळे केवळ दूध-भातावर वाढणारे पिल्लू पोट भरलेले असूनही पुन्हा पुन्हा अन्न मागते, त्याचे केस निस्तेज होतात आणि वाढ खुंटते. उंदीर, पाली, टोळ इत्यादींची शिकार करणारी मांजरे ही उणीव काही अंशी भरून काढतात; शिकार न येणाऱ्या लहान पिल्लाला ती सोय नसते.

आईविना राहिलेल्या पिल्लास मांजराच्या पिल्लांसाठी बनवलेली दूध-भुकटी कोमट पाण्यात कालवून, पिल्लास पोटावर ठेवून पाजली जाते. उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पिल्लू गार पडले असल्यास त्याला प्रथम ऊब द्यावी लागते. थंड शरीरात दूध पचत नाही.

## वयानुसार नियोजन

* ० ते ४ आठवडे: केवळ आईचे दूध. अनाथ पिल्लास दर दोन ते चार तासांनी दूध-भुकटी.
* ४ ते ८ आठवडे: आईच्या दुधासोबत मऊ, कालवलेले मांसयुक्त अन्न थोडे थोडे, दिवसातून चार ते सहा वेळा. आठव्या आठवड्यापर्यंत दूध तुटते.
* २ ते ६ महिने: दिवसातून तीन ते चार वेळा. या वयात अन्नाचे प्रमाण सहसा मोजके ठेवले जात नाही.
* ६ ते १२ महिने: दिवसातून दोन ते तीन वेळा. वाढीचा वेग मंदावत असल्याने प्रमाणावर लक्ष ठेवावे लागते.

ताजे पाणी सदैव उपलब्ध असावे. अन्नबदल सात ते दहा दिवसांत हळूहळू केल्यास पोट बिघडत नाही. घरात अनेक पिल्ले असल्यास प्रत्येकाची ताटली वेगळी ठेवली जाते, अन्यथा धीट पिल्लू दुबळ्याचा वाटा खाते. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील किंवा किराणा काट्यावर वजन करून त्याची नोंद ठेवणे, हा आहार पुरेसा आहे की नाही हे जाणण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय.

## घरगुती आहार

उकडलेली कोंबडी, काटे काढून शिजवलेले मासे व उकडलेले अंडे हे घरात सहज मिळणारे योग्य पदार्थ आहेत. शिजवताना टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणीही अन्नात कालवले जाते. मात्र त्यात मीठ, मसाला, कांदा वा लसूण नसावा. भात घातल्यास तो मांसाच्या मानाने अगदी थोडा असावा.

केवळ मांसही पुरेसे नसते. हाडांवाचूनच्या मांसात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. अशा आहारावरील पिल्लांची हाडे ठिसूळ होऊन किरकोळ उडीनेही मोडतात. दररोज यकृत खाऊ घातल्यास अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो, तर काही जातींच्या कच्च्या माशांतील विकर थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करते. यासाठी घरगुती अन्नासोबत पिल्लांसाठीचे संतुलित तयार खाद्य देणे हितावह मानले जाते. शाकाहारी कुटुंबांतही हा पर्याय सोयीचा ठरतो. दही, पनीर किंवा डाळ यांवर पिल्लाचे पोषण होत नाही.

## अतिभूक व तिची कारणे

वजन नियमित वाढत असेल, शौच घट्ट असेल व पिल्लू खेळकर असेल, तर मोठी भूक स्वाभाविक असते. पुढील परिस्थितीत पशुवैद्यकाचा सल्ला आवश्यक ठरतो:

* पोट फुगलेले, पण फासळ्या व कणा हाताला लागणारा: बहुधा गोलकृमी. हे जंत आईच्या दुधातूनही पिल्लात येतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी व पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पशुवैद्यकाने वजनानुसार ठरवलेले जंतनाशक दिले जाते.
* शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे: पट्टकृमी. ते पिसवा किंवा उंदीर खाल्ल्याने होतात. पिसवांचा बंदोबस्त न केल्यास पुन्हा उद्भवतात.
* भूक असूनही सतत जुलाब: आतड्यातील एकपेशीय परजीवी किंवा अन्न न मानवणे.
* माती, राख, कापड चघळणे: रक्तक्षय वा पोषणाची उणीव असू शकते.

अधाशी पिल्लाने अचानक अन्न सोडणे ही अतिभुकेपेक्षा गंभीर बाब आहे. लहान पिल्लू १२ ते २४ तास उपाशी राहिल्यास त्वरित उपचार करावे लागतात. ताप, उलट्या व अन्नत्याग ही पॅनल्युकोपेनिया या विषाणुजन्य आजाराची लक्षणे असून लस न दिलेल्या पिल्लांत तो बहुधा प्राणघातक ठरतो. याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, तर रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर दिली जाते.

## चंदगड परिसरातील संदर्भ

चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सह्याद्रीच्या माथ्यावर असून त्याला सिंधुदुर्ग व बेळगाव हे जिल्हे लागून आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो बेळगाव जिल्ह्यातून वेगळा होऊन महाराष्ट्राच्या बाजूस आला. मुसळधार पाऊस व भात, नाचणी ही पिके हे येथील वैशिष्ट्य होय. साठवलेल्या धान्याला उंदीर-घुशींचा उपद्रव होत असल्याने शेतकरी घरात मांजराला महत्त्व असते.

मांजर उपाशी ठेवले तरच ते उंदीर मारते, हा समज ग्रामीण भागात सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात शिकारीची प्रेरणा भुकेपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असते आणि पोट भरलेले मांजरही शिकार करते. उपाशी पिल्लू घर सोडून दूर भटकते, रोगांना बळी पडते आणि शिकारी होण्याच्या वयापर्यंत टिकत नाही. त्यामुळे धान्यरक्षणासाठी मांजर हवे असल्यास पिल्लाचे पहिले वर्ष नीट खाऊ घालणेच उपयोगी ठरते.

पावसाळ्यात कोरडे खाद्य सादळून त्याला बुरशी येते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात थोड्या प्रमाणात साठवावे लागते. मुंग्यांपासून बचावासाठी ताटली पाणी भरलेल्या परातीत ठेवण्याची रीत उपयुक्त आहे. कोकणातून येणारी सुकी मासळी खारट असल्याने भिजवून, पाणी बदलून व उकडूनच अल्प प्रमाणात द्यावी लागते. जंगलालगतच्या वाड्यांत पिल्लू रात्री घरात ठेवल्यास बिबट्यापासून त्याचे रक्षण होते आणि रानमांजरांशी रोगांची देवाणघेवाणही टळते.

## धोके

कांदा, लसूण, चॉकलेट, मनुका व शिजवलेली टोकदार हाडे पिल्लास घातक असतात. माणसांसाठीची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीच्या काही पिसवानाशकांतील परमेथ्रिनही मांजरास विषारी असते. शेतात वा कोठारात उंदरांसाठी ठेवलेल्या झिंक फॉस्फाइडसारख्या विषाने मेलेला उंदीर खाल्ल्यास मांजरालाही विषबाधा होते. म्हणून मांजर असलेल्या घरात पिंजरा किंवा सापळा अधिक सुरक्षित असतो.

## नसबंदीनंतरचा आहार

मांजरी चार ते सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि तिचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. स्वतःची वाढ अपुरी असताना गाभण राहिल्यास तिच्या शरीरावर मोठा ताण पडतो. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज घटते, पण भूक वाढते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर अन्न मोजून देणे आवश्यक असते. अन्यथा लठ्ठपणा व पुढे मधुमेहाचा धोका संभवतो.

## कायदेशीर तरतूद

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ अन्वये, पाळीव प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे आणि उपासमार होईल अशा परिस्थितीत त्यास सोडून देणे हे दंडनीय अपराध आहेत. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून बाजारात किंवा रानात सोडणे यात मोडते.

## हे सुद्धा पहा

* मांजर
* रानमांजर
* रेबीज
* चंदगड तालुका