पेशी सोडून देणारी बशी

परीक्षानळी मुठीत धरली आणि आतलं नितळ द्रावण बघता बघता दुधाळ झालं. नळाखाली धरली, पुन्हा नितळ! पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइडशी माझी पहिली भेट ही अशी. (एवढं लांब नाव प्रयोगशाळेत कुणी घेत नाही; 'पीनिपॅम' म्हणतात.) साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, एवढंच शहाणपण घरून घेऊन आलेल्या मला हा उलटा न्याय वाटला.

या उलटेपणाची तपशीलवार नोंद टोरंटोमध्ये हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ साली केली. सुमारे ३२ अंश सेल्सियसला पॉलिमरच्या साखळ्या पाण्याची साथ सोडून आक्रसतात. गार झाल्या की पुन्हा पसरतात. शरीराच्या तापमानाच्या इतकं जवळ असूनही पेशींच्या कामी यायला १९९० उजाडलं.

अडचण जुनीच होती. बशीत वाढवलेल्या पेशी तळाला चिकटतात. सोडवायला ट्रिप्सिन घालावं, तर ते प्रथिनं कापतं, पेशींनी एकमेकींना धरलेले हातही तुटतात. अखंड पापुद्रा मिळत नाही. तोक्योत तेरुओ ओकानो आणि सहकाऱ्यांनी बशीच्या तळावर हाच पॉलिमर जोडला. ३७ अंशांना पेशी चिकटतात. गार केलं की थर पाणी पितो आणि त्या आपसूक सुटतात. हा इतिहास सांगणारे 'स्मार्ट' या शब्दावर भाळतात. मला मोठं वाटतं ते पुढचं, जाडीचं काम. थर साधारण २० नॅनोमीटरचा हवा. तिसाच्या वर गेला तर पेशी मुळात बसतच नाहीत. असा आकडा सुचत नाही, बशीमागून बशी वाया घालवून मिळतो.

माझ्या वाट्यालाही तसल्या बशा आल्या. मोनोमर विषारी असतो, आणि मी तो पुरता धुऊन काढला नव्हता. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळा रंग जांभळा करतात. माझी प्लेट पिवळीच राहिली. तीन महिन्यांचं काम गेलं.

२००४ साली ओसाकाच्या कोजी निशिदा आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. चौघांच्याही दोन्ही डोळ्यांच्या कॉर्नियावरच्या मूळपेशी नष्ट झाल्या होत्या. प्रत्येकाच्या तोंडाच्या अस्तरातून ३ मिलिमीटर लांब-रुंद तुकडा काढला, पेशी दोन आठवडे वाढवल्या, मग बशी गार केली. सुटलेला पापुद्रा एकेका डोळ्यावर, एकही टाका न घालता, ठेवला. आठवड्याभरात चारही डोळ्यांवर अखंड आवरण धरलं. पुढे कॉर्निया पारदर्शक झाले, आणि चौघांनाही पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागलं.